सोनोग्राफीला वास येत नाही

यकृत हा मानवी देहातला सर्वांत क्षमाशील अवयव आहे. त्याचा निम्म्याहून अधिक भाग कापून काढला, तरी उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून मूळ आकाराच्या जवळ येतो. माणसाचे असंख्य अपराध ते निमूटपणे पोटात घालतं.

हे मी म्हणत नाही. डॉक्टरांच्या परिषदांमध्ये व्यासपीठावरचे वक्ते म्हणत आणि मी खाली बसून ऐकत असे. वक्त्याच्या कोटाचं मधलं बटण बहुधा लागलेलं नसे. भाषणानंतर पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह, आभार आणि मग जेवण. जेवणात पुरी, भजी, जिलबी आणि जिलबीवर रबडी. त्यांतल्या बऱ्याच वक्त्यांची सोनोग्राफी मीच केलेली होती. यकृताने त्यांना कितपत क्षमा केली आहे, हे मला माहीत होतं. पण रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी लागते, म्हणून मीही मुकाट्याने जिलबी खात असे.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'प्रेरणादायी' अनुभव मागितला आहे. माझ्याकडे तसा नाही. जो आहे तो लिहिते.

मी सोलापुरात तीसेक वर्षं सोनोग्राफी केली. आता ती खोली दुसऱ्या डॉक्टरांच्या ताब्यात आहे आणि मी उजेडात बसते. हे काम अंधारात चालतं. रुग्ण आडवा, पोटावर गार जेली, माझ्या उजव्या हातात यंत्राचा ठोकळा आणि डोळे पडद्यावर. "श्वास घ्या. धरा. सोडा." जन्मभरात मी या तीन वाक्यांइतकं दुसरं काही बोलले नसेन. लोकांना इतक्या हक्काने गप्प बसवण्याची सोय दुसऱ्या कुठल्या धंद्यात नसावी.

खोलीच्या भिंतीवर कायद्याने लावलेली पाटी होती : येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. पोट सुटलेला प्रत्येक पुरुष ती पाटी वाचायचा, टेबलावर आडवा व्हायचा आणि विचारायचा, "काय मॅडम, मुलगा का मुलगी?" आपल्याला हे पहिल्यांदाच सुचलं, असं प्रत्येकाला वाटे. मी प्रत्येकाला हसून दाखवलं. तेही कामातच धरायचं.

यकृतातली चरबी ओळखणं अवघड नाही. उजव्या बरगड्यांच्या खाली यकृत दिसतं आणि त्याला लागूनच मूत्रपिंड. निरोगी माणसात दोघांचा करडा रंग जवळजवळ सारखा असतो. यकृतात चरबी साठली की ते मूत्रपिंडापेक्षा पांढरं दिसायला लागतं. थोडं पांढरं असेल तर ग्रेड वन, जास्त असेल तर ग्रेड टू, आणि मागचं काहीच दिसेनासं झालं की ग्रेड थ्री. शेजाऱ्याशी तुलना करून निदान करायचं. आपल्याकडे ही पद्धत इतर बाबतींतही चालते.

मी काम सुरू केलं तेव्हा पांढरं यकृत दिसलं की आम्ही पहिल्यांदा विचारायचो, "पिता का?" नंतर नंतर ते न पिणाऱ्यांतच जास्त दिसायला लागलं. किराणा दुकानदार, शिक्षिका, बँकेतले लोक, शाळकरी मुलं. ग्रेड वन इतकं लिहिलं जायचं की ते रिपोर्टावर छापूनच घ्यावं, असं मला वाटे. वाचणाऱ्यालाही त्याचं काही वाटेनासं झालं. आमच्या दवाखान्याबाहेर रिक्षा लावणारे रशीदभाई मुतखड्यासाठी आले होते, तेव्हा त्यांना मी चरबीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, पत्थरी है तो बोलो. चरबी-फरबी तो हमारे घर में सबको है, खानदानी है." रिपोर्टाच्या शेवटी आम्ही सगळेच एक ठरलेलं वाक्य लिहितो : इतर तपासण्यांशी ताडून पाहावे. ते कुणी ताडून पाहत नाही, हे लिहिणाऱ्याला माहीत असतं.

सिद्रामअण्णा पहिल्यांदा आले ते पोटात दुखतंय म्हणून. नवी पेठेच्या मागच्या बोळात त्यांचं शेंगाचटणीचं दुकान होतं. मूळचे कर्नाटक सीमेजवळच्या मैंदर्गीचे. घरात कन्नड, दुकानात मराठी आणि राग आला की दोन्ही. पन्नाशी उलटलेली, रुंद देह, कपाळाला विभूती. टेबलावर आडवे होताच त्यांनी पाटीकडे पाहिलं. म्हणाले, "मॅडम, नीट बगून सांगा. मुलगा असंल तर चटणी कुटायला बसवतो."

"पित्ताशय दिसतंय, अण्णा. ते कुटायला बसणार नाही."

त्यांना हसू आवरेना, त्यामुळे पडद्यावरचं यकृत वरखाली व्हायला लागलं. पित्ताशयात खडे नव्हते. यकृत मात्र चांगलं पांढरं होतं. ग्रेड टू.

"काय बघालाव एवढं?"

"यकृतात चरबी आहे."

ते ताडकन उठून बसले. पोटावरची जेली सदऱ्याला लागली. "मी प्यात न्हाय, मॅडम. गळ्यात लिंग हाय माझ्या. थेंबाला शिवलो न्हाय आजवर."

"न पिणाऱ्यांनाही होते."

"तुमी म्हणता. पर बोळातल्या लोकांस्नी कोण सांगणार? लिव्हर म्हटलं की दारू, एवढंच ठाऊक हाय तितं."

मी सांगितलं की पोट सुटलंय, रक्ताच्या रिपोर्टात साखर वाढलेली आहे आणि दिवसभर गादीवर बसून काम आहे, एवढं पुरेसं असतं. त्यांना ते पटलं नाही.

"शेंगदाण्यात बी तेल असतंय की," ते म्हणाले. "म्हणून शेंगदाणा काय आजारी पडतोय?"

"तेल असून काही होत नाही. पण सोललेले दाणे पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर उघडे ठेवले तर?"

"खवटत्यात."

"तसंच आत होतं."

अण्णांनी सदऱ्याला लागलेल्या जेलीकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे मी आतनं खवटलोय?"

"ते मला दिसत नाही. चरबी दिसते. खवटपणा रक्तातून, दुसऱ्या तपासण्यांतून कळतो. तोही अंदाजानेच."

"वास न्हाय का येत तुमच्या मशीनला?"

"नाही."

"मग अर्धंच मशीन हाय की," असं म्हणून त्यांनी सदरा पुसला.

हे जरा सविस्तर सांगते. पुस्तकात ज्याला 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' असं भारदस्त नाव आहे, ते प्रकरण मुळात खवटपणाचंच आहे. यकृताच्या प्रत्येक पेशीत चरबी जाळणाऱ्या बारीक भट्ट्या असतात. भट्टी म्हटली की ठिणग्या उडणारच. इथल्या ठिणग्या म्हणजे नीट न जळलेला, चवताळलेला प्राणवायू. त्या विझवायला पेशीने पाण्याच्या बादल्या भरून ठेवलेल्या असतात आणि रोजचं काम निभतं. पण माल येतच राहिला तर भट्ट्यांवर ताण येतो, ठिणग्या वाढतात आणि बादल्या रिकाम्या पडतात. मग ठिणगी साठलेल्या चरबीवर पडते आणि चरबी खवटते. खवट चरबी भट्टीच्याच भिंती खराब करते, भिंती खराब झाल्या की ठिणग्या आणखी उडतात. पेशी मरतात, सूज येते. सूज वर्षानुवर्षं राहिली की यकृत डागडुजीसाठी चिवट धागे विणायला घेतं. आमच्या गावाला विणकामाचं कौतुक आहे, पण यकृतात त्याचा उपयोग नाही. ते कडक होत जातं.

सगळ्यांचं असं होत नाही. बहुतेकांची चरबी वर्षानुवर्षं नुसती चरबीच राहते. कुणाची खवटेल आणि कुणाची नाही, याची कारणं शोधणारे लोक वजन, साखर, घराण्यातून आलेला दोष, आतड्यातले जंतू अशी बरीच नावं घेतात. ती सगळी खरी असावीत. पण माझ्या पडद्यावर साधी चरबी आणि खवट चरबी दोन्ही सारखीच पांढरी दिसते. मी जन्मभर रंग पाहिला. प्रश्न वासाचा होता.

फिजिशियनांनी अण्णांना वजन उतरवायला सांगितलं, साखरेच्या गोळ्या दिल्या, तपासण्या ठरवून दिल्या. अण्णा काही महिने किल्ल्याच्या बागेत चालायला गेले. मग पुतण्याने त्यांना एक हिरवी पावडर आणून दिली. डब्यावर 'अँटिऑक्सिडंट' लिहिलेलं होतं आणि उगवत्या सूर्याचं चित्र होतं. विज्ञानाच्या दृष्टीने कल्पना अगदीच चुकीची नाही : बादल्या कमी पडल्या तर बाहेरून आणाव्यात. काही रुग्णांना त्यातलं एखादं जीवनसत्त्व डॉक्टर विचार करून देतातही. पण डबा हिरवा आहे म्हणून त्यातला माल बादलीपर्यंत पोचतो, असं नाही. अण्णांचा त्यावर विश्वास बसला, कारण पावडर कडू होती आणि पुतण्या घरचा होता. फिजिशियनांकडे जाणं हळूहळू थांबलं.

आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांचा वाढदिवस दरवर्षी मंगल कार्यालयात आरोग्य शिबिराने साजरा होई. एका वर्षी शिबिरात यकृत तपासायचं नवं यंत्र आलं. ते बरगडीवर टेकवलं की दोन आकडे छापून येतात. एक चरबीचा, दुसरा कडकपणाचा. यंत्र चांगलं आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शिबिराच्या संयोजकांनी स्पर्धा जाहीर केली. या वर्षीचा चरबीचा आकडा नोंदवायचा, पुढच्या वाढदिवसापर्यंत तो उतरवायचा आणि ज्याचा सर्वांत जास्त उतरेल त्याचा जाहीर सत्कार. स्पर्धेला एकच आकडा लागतो. दुसऱ्याकडे पाहायचं कुणाला कारण नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या वाढदिवसानंतर अण्णा माझ्याकडे आले. बरोबर पेढ्यांचा पुडा, खांद्यावर सत्कारात मिळालेली चादर आणि हातात सोनेरी काठाची चौकट. चौकटीत 'निरोगी यकृत प्रमाणपत्र', त्याखाली अण्णांचं नाव आणि पुढाऱ्यांची झोकदार सही.

"पहिला नंबर, मॅडम," ते म्हणाले. "चरबी निम्म्यावर आली. तुमच्या मशीनला वास येत न्हवता, त्यांच्या मशीनला आला बगा."

मी पेढा हातात घेतला आणि त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा उतरला होता. दंड बारीक झाले होते, मनगटाची हाडं वर आली होती. पोट मात्र होतं तेवढंच, किंवा किंचित जास्त. कॉलरच्या वर मानेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक लाल शीर उमटली होती. बोळातले लोक त्यांना रोज म्हणत होते, "अण्णा, काय बारीक झालाव!" आणि अण्णा रोज खूश होत होते.

"यंत्राची चिठ्ठी आहे का?"

ती प्रमाणपत्राच्या मागे टाचणीने लावलेली होती. चरबीचा आकडा खरोखरच खाली आला होता. त्याला लाल शाईने गोल करून शेजारी 'अभिनंदन' लिहिलं होतं. कडकपणाचा आकडा गोलाच्या बाहेर होता. तो मी दोनदा वाचला.

"अण्णा, टेबलावर या."

"आता कशाला? पास झालो की."

"या तर खरं. श्वास घ्या. धरा."

यकृत आकसलं होतं. त्याची कड गुळगुळीत असायला हवी, ती खडबडीत दिसत होती. प्लीहा वाढली होती आणि पोटात थोडं पाणी होतं. चरबी खरंच जवळजवळ नव्हती. आमच्या धंद्यात ही गोष्ट शिकाऊ डॉक्टरलाही माहीत असते, पण धंद्याबाहेर कुणी कुणाला सांगत नाही : यकृत पूर्ण कडक झालं की त्यातली चरबी आपोआप कमी होते. ठेवायला जागा उरत नाही. पडद्यावरचा पांढरेपणा जातो आणि रिपोर्ट आधीच्यापेक्षा चांगला दिसतो.

मी त्यांना हे सांगितलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "पर नंबर तर कमी झालाय."

"झालाय."

"मग?"

"दाणे खवटून, वाळून, खडखडीत झाले तर चिमटीत दाबून तेल निघेल का?"

टेबलाच्या कडेवर बसून त्यांनी चादरीची घडी घातली, ती मोडली आणि पुन्हा घातली. मग पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "एवढं ऱ्हाऊ द्या. परत न्यायला बरं दिसत न्हाय."

पुढचं वैद्यकीय प्रकरण लवकर सांगण्यासारखं आहे. पोटातलं पाणी वाढलं, काढलं, पुन्हा भरलं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की यकृत बदलणं हाच उपाय, आणि घरातल्या कुणाचा रक्तगट जुळत असेल तर त्याच्या यकृताचा तुकडा चालेल. थोरला मुलगा मल्लिनाथ, घरात मल्लू, त्याचा रक्तगट जुळला. तिशीतला, बापासारखाच रुंद, दुकान आता तोच बघत होता. त्याने लगेच हो म्हटलं. अण्णांनी नाही म्हटलं.

ही वादावादी माझ्या दवाखान्याच्या बाकावर झाली. अण्णांच्या पत्नी नीलव्वा मध्ये बसल्या होत्या आणि दोघांचंही ऐकत नव्हत्या.

"लेकराचं कापून मला नगं," अण्णा म्हणाले. "माझं व्हायचं ते होऊ दे."

"तुमी गप बसा, अप्पा," मल्लू म्हणाला. "मॅडम, परत वाढतंय न्हवं ते? क्षमाशील का काय म्हणत्यात?"

"वाढतं," मी म्हटलं. "निरोगी असेल तर."

"मग बगा की माझं."

मी बघितलं. पांढरं होतं. ग्रेड टू. बाप पहिल्यांदा आला होता तेव्हा होतं तसंच.

असं यकृत देता येत नाही. चरबीने भरलेला तुकडा नव्या जागी नीट काम करत नाही, आणि देणाऱ्याकडे उरलेला तुकडाही धोक्यात येतो. पुण्याने हेच कळवलं. मात्र आमच्या या धंद्यात एक दिलासा आहे : खवटायच्या आधीची चरबी उतरते, आणि मनावर घेतलं तर काही महिन्यांत उतरते. वजन कमी करा, चरबी घालवा आणि पुन्हा या, असं त्यांनी मल्लूला सांगितलं. तोवर अण्णांनी टिकायचं. एवढाच प्रश्न होता, आणि तो सगळ्यांना कळला होता.

मल्लूने मनावर घेतलं. माझ्या कारकिर्दीत पथ्य सांगितलेले हजारो लोक मी पाहिले, पथ्य पाळणारा हा एक. साखरेचा चहा, थंड पेयं, भजी, बेकरीचा माल, सगळं बंद. कडक भाकरी, भाजी, ताक. पहाटे किल्ल्याची बाग, संध्याकाळी कंबर तलाव. दिवसभर दाण्यांच्या पोत्यांमध्ये उभा राहायचा आणि एक दाणा तोंडात टाकायचा नाही. त्याची बायको मला म्हणाली, "मॅडम, झोपेत चटणी मागत्यात."

दर महिन्याला तो माझ्याकडे यायचा आणि अण्णा हट्टाने बरोबर यायचे. मल्लू आत आडवा व्हायचा, अण्णा बाहेरच्या बाकावर बसून दारातून विचारायचे, "किती खवट हाय अजून?"

"पहिल्यापेक्षा कमी."

"मूत्रपिंडासंगं जुळलं का?"

शेजाऱ्याशी तुलना करायची असते, हे त्यांना मी सांगून ठेवलं होतं. "अजून नाही, अण्णा. जुळत आलंय."

"अय्यो शिवा," ते म्हणायचे. "मूत्रपिंडाला सांगा, जरा पांढरं हो म्हणावं. सोयरिक जुळवायची हाय."

त्यांचे डोळे पिवळे झाले होते आणि पावलं सुजली होती, पण तोंड थांबलं नव्हतं. बापलेक दोघे बारीक होत होते, एक मरायला आणि एक वाचवायला. दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकांना त्यातला फरक कळत नव्हता. कुणी तरी मल्लूला म्हणालं, "काय रे, तुलाबी बापासारखं लागलं का काय?" त्याचा अर्थ काय, ते सगळ्यांना माहीत होतं. नीलव्वांनी ते ऐकलं होतं.

त्यांनी ते मला एकदाच सांगितलं. "आमचे हे प्यायचे का, असं विचारत्यात. माझ्या म्होरं विचारत न्हाईत. पाणी भरताना मागनं बोलत्यात. चाळीस वर्षं चटणीला हात लावायच्या आधी आंघोळ करणारा माणूस. काय सांगू मी लोकांस्नी? ऑक्सि का काय ते सांगू?"

विज्ञानाकडे यावर उत्तर आहे, पण ते नळावर सांगता येण्यासारखं नाही.

शेवटच्या आधीच्या खेपेला दोन्ही रंग जवळजवळ जुळले होते. पुण्याने तारीख धरायला सांगितलं आणि त्याआधी एकदा शेवटची सोनोग्राफी करून या म्हणाले. मी मल्लूला सोमवारची वेळ दिली. अण्णा बाहेरून ओरडले, "दाणा चांगला हाय म्हणायचा की!"

त्या सोमवारच्या आधीच्या आठवड्यात दुकानात बसल्या बसल्या अण्णांना रक्ताची उलटी झाली. कडक यकृतातून रक्ताला वाट मिळत नाही, मग ते अन्ननलिकेतल्या शिरांत तुंबतं आणि शिरा फुटतात. हेही आमच्या धंद्यात सर्वांना माहीत असलेलं. हॉस्पिटलात नेलं, रक्त चढवलं, शिरा बांधल्या, पुन्हा फुटल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

सोमवारी मी मल्लूची वेळ दुसऱ्या रुग्णाला दिली नव्हती. तशी देण्याचं काही कारण नव्हतं आणि न देण्याचंही नव्हतं. ठरल्या वेळेला तो आला. दाढी वाढलेली, सदरा दोन मापं मोठा. नीलव्वा बरोबर होत्या. त्या अण्णांच्या बाकावर, अण्णांच्याच जागेवर बसल्या.

"अपॉइंटमेंट होती," मल्लू म्हणाला. "म्हणून आलो."

मी त्याला आडवं व्हायला सांगितलं. श्वास घ्या, धरा. यकृत आणि मूत्रपिंड शेजारी शेजारी, एकाच करड्या रंगाचे. कड गुळगुळीत. मी पुन्हा पुन्हा पाहिलं, कारण पाहण्यासारखं काही नव्हतं. "सोडा," म्हटलं. त्याने श्वास सोडला नाही. मला पुन्हा सांगावं लागलं.

दारातून या वेळी कुणी काही विचारलं नाही. त्यामुळे मीच बाहेर येऊन नीलव्वांना सांगितलं, "जुळलं."

त्यांनी मान हलवली. मल्लूने रिपोर्ट हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "आता हे कुणाला दाखवू?"

रिपोर्टाच्या शेवटी मी नेहमीचं वाक्य लिहिलं होतं : इतर तपासण्यांशी ताडून पाहावे. सवयीने लिहिलं गेलं.

हे सगळं मी परिषदांत कधी सांगितलं नाही. निवृत्तीच्या वेळी आमच्या संघटनेने माझाही सत्कार केला. अध्यक्षांनी भाषणात यकृताच्या क्षमाशीलतेचा उल्लेख केला आणि मला चादर दिली. मी दोन शब्द बोलावेत, असा आग्रह झाला. मी म्हटलं, आपल्याला रंग दिसतो, वास येत नाही, एवढं तरुण डॉक्टरांनी लक्षात ठेवावं. टाळ्या पडल्या. नंतर जिलबीच्या रांगेत एका तरुण डॉक्टरने विचारलं, "मॅडम, वास कशाचा?" त्याच्या मागे रांग होती, म्हणून मी त्याला पुढे जाऊ दिलं.

परवा नवी पेठेत गेले होते, तेव्हा मागच्या बोळात वळले. दुकान चालू आहे. गादीवर मल्लू बसतो, अजून बारीकच आहे. पोत्यातले मूठभर दाणे तळहातावर चोळून नाकाशी नेतो, तेही अण्णांसारखंच. नीलव्वा मागे खुर्चीवर होत्या. भिंतीवर हार घातलेला अण्णांचा फोटो आणि त्याला लागून ती सोनेरी काठाची चौकट. निरोगी यकृत प्रमाणपत्र.

मी चौकटीकडे पाहतेय, हे त्यांनी पाहिलं. "मल्लू काढ म्हणतोय," त्या म्हणाल्या. "खोटं हाय म्हणतोय. पर आता गिऱ्हाइकं ते वाचत्यात. प्यायचे का म्हणून कुणी विचारत न्हाय. वर पुढाऱ्याची सही हाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमी सांगाल ते करते. ऱ्हाऊ दे का, मॅडम?"

अण्णांच्या आजाराबद्दल मी जे काही शिकले होते, त्याच्याशी त्या भिंतीवरचं काहीच जुळत नव्हतं. गिऱ्हाइकं त्यावरून अण्णांबद्दल मात्र एक खरी गोष्ट वाचत होती, की ते पीत नव्हते, आणि ती दुसऱ्या कुठल्याच कागदावर लिहिलेली नव्हती.

"राहू दे," मी म्हटलं.

मल्लूने मला चटणीचं पाकीट बांधून दिलं. निघताना मी चौकट जवळून पाहिली. प्रमाणपत्राच्या मधोमध एका हसऱ्या माणसाचं चित्र आहे आणि त्याच्या पोटात लाल रंगाचं निरोगी यकृत दाखवलं आहे. ते त्या माणसाच्या डाव्या बरगड्यांखाली काढलं आहे.